तिसऱ्या मशीनची बोहनी

गाडी बंद पाडण्याचे अनेक मार्ग आहेत आणि त्यातले बरेचसे मी स्वतः वापरून पाहिले आहेत. पण शेजारी बायको, मागच्या सीटवर रुखवत आणि पुढ्यात लग्नाचा मुहूर्त असताना, पेट्रोलच्या गाडीत स्वतःच्या तोंडानं सांगून आलुबोंड्याचं तेल भरून घेणारा आमच्या खानदानात मीच पहिला.

त्याचं असं झालं. माझ्या साडूची मुलगी शाल्मली, तिचं लग्न ढाणकीला होतं. आम्ही यवतमाळहून सकाळीच निघालो. आमची कुंदा नवरीची सख्खी मावशी, म्हणून रुखवत तिच्याकडे. तिनं अनारशांचा किल्ला केला होता. शंकरपाळ्यांची तटबंदी, चार कोपऱ्यांना चार बुरूज, आणि दरवाजावर चिरोट्याचं तोरण. वाटेत खड्डा आला की ती रस्त्याकडे न पाहता मागे पाहायची आणि म्हणायची, "हळू! बुरूज हलला."

फुलसावंगी मागे पडली आणि पेट्रोलचा काटा लाल रेघेवर टेकला. तेवढ्यात पंप दिसला. पंपावर तीन मशीन. पहिल्या दोघींपुढे मोटारसायकली, ऑटो, ट्रॅक्टर यांची ही रांग. तिसरीपुढे चिटपाखरू नाही. मी उभी हयात सरकारी कचेरीत काढली. लोकांना रांगेत उभं करण्यात जन्म गेला की निवृत्तीनंतर स्वतः रांगेत उभं राहणं जिवावर येतं. मी गाडी सरळ तिसऱ्या मशीनला नेऊन लावली. त्याच वेळी साडूचा फोन आला. बँडवाले पोचले नाहीत, आचाऱ्याला वांगी कमी पडताहेत, असं त्याचं काहीबाही चाललं होतं.

ऑफिसच्या खोलीतून एक बाई लगबगीनं आली. पदर कमरेला खोचलेला, वर कंपनीचं बिनबाह्यांचं जॅकेट. तिनं गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं, क्षणभर थबकली, आणि मला विचारलं, "हेच टाकू नं साहेब?"

मी कानावरचा फोन न काढता म्हणालो, "टाका."

"ह्याच मशीनचं?"

"हो हो, फुल करा."

"पाहा बरं. हेच पायजे नं तुम्हाले?"

"हेच हो, हेच! किती विचाराल?"

मग तिनं नळीला हळदकुंकू लावलं. मशीनला नमस्कार केला. म्हणाली, "झिरो पाहून घ्या." मी पाहिला नाही. टाकी भरल्यावर एका म्हाताऱ्या नोकरानं आमच्या पुढच्या चाकाशी नारळ फोडला आणि बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं. शेजारच्या रांगेतले लोक माना उंच करून पाहत होते, एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. मला वाटलं, ग्राहकसेवा हल्ली बरीच सुधारली आहे. कुंदा तर भारावून गेली. "किती चांगली माणसं आहेत हो इकडची!"

गाडी पंपाबाहेरच्या कडुलिंबापर्यंत गेली. तिथं तिला उचकी लागली. मग ठसका लागला. मग तिनं एक लांब उसासा टाकला आणि ती गप्प झाली.

कुंदानं नाक वर केलं. "अहो, जवळपास कोणीतरी आलुबोंडे तळून राह्यलं."

मागून तो नारळ फोडणारा म्हातारा पळत आला. त्याचं नाव उकंडा, हे नंतर कळलं. "साहेब, गाडी पेट्रोलची आहे का तुमची?"

"मग काय रॉकेलची?"

त्यानं कपाळाला हात लावला. "अन् मंग तिसऱ्या मशीनवर कायले गेलते?"

डिझेलची नळी म्हणे पेट्रोलगाडीच्या तोंडात सहसा शिरत नाही. पण ती मशीन होती प्रयोगाची, तिची नळी बारीक. आणि माझी गाडी जुनी, तिचं तोंड मोठं, तिच्या मालकासारखं. हे शेवटचं कुंदाचं मत.

चौघांनी ढकलून गाडी परत पंपावर आणली. ढाणकीहून मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत उकंडानं मला बाकावर बसवून चहा दिला आणि चहाबरोबर पंपाच्या मालकीणबाईची, म्हणजे मला तेल भरून देणाऱ्या भागीरथाबाईची, सगळी हकिकत दिली. ती ऐकल्यावर माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही.

पंपाची जागा मुळात भागीरथाबाईच्या घरचं वावर. एका धुऱ्याला तूर, पलीकडे कपाशी, आणि रस्त्याकडेला सोयाबीन. रस्ता रुंद झाला, कंपनीची जाहिरात आली, आणि जागा निघाली बायांसाठी राखीव. तेव्हा तिचे यजमान मारोतराव यांनी बायकोच्या नावानं अर्ज केला. त्यांचा हिशेब साधा होता: पाटीवर नाव तिचं, खुर्चीवर आपण. पंप सुरू झाला आणि आठवड्याच्या आत खुर्चीवर भागीरथाबाई बसल्या आणि मारोतराव वावरात परत गेले. उकंडा म्हणाला, "तवापासून दोघंबी खुश हायेत. खुर्ची बी."

बाईंनी पंप स्वयंपाकघरासारखा चालवला. पंपावर बिडी नाही, मधे घुसणं नाही, आणि मोबाईल तर नाहीच नाही. एकदा एक पोलीस पाटील फोनवर बोलत पेट्रोल मागायला आला, तर बाईंनी नळी परत मशीनला अडकवली आणि म्हणाल्या, "पहिले त्याच्याशी बोलून घ्या, त्याच्याजवळ पेट्रोल असन त पाहा."

पण सगळ्यात कडक नेम बोहनीचा. बाईंचं माहेर ढाणकीच्या आठवडी बाजारात भाजी विकणारं. तिथले कायदे त्यांनी दुधाबरोबर प्यायले होते. पहिलं गिऱ्हाईक परत लावायचं नाही. पहिल्या विक्रीला उधारी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरच्या माणसाची बोहनी लागत नाही. दुकानातलं वांगं घरच्या भाजीला गेलं तर ते वांगं संपलं. विकलं नाही गेलं.

आता ही तिसरी मशीन आली कुठून? तर नागपूरहून. कंपनीनं सगळ्या पंपवाल्यांना एका मोठ्या हॉटेलात बोलावलं होतं. गार हवेची मशीन नेमकी बाईंच्या डोक्यावर. बाहेर ऊन आणि आत भागीरथाबाई दातांचा ताल धरून बसलेल्या. व्यासपीठावर एक तरुण साहेब, पियूष त्याचं नाव, पडद्यावर चित्रं दाखवत होता. हॉटेलात तळून उरलेलं तेल लोक नालीत ओततात; ते गोळा करायचं, कारखान्यात त्याच्यावर प्रक्रिया करायची, की त्याचं गाडीत चालणारं डिझेल होतं. देशाचा फायदा, हवेचा फायदा, सगळ्यांचाच फायदा. भागीरथाबाईंना ते पटत होतं. चार दिवसांचं तळणीचं तेल फोडणीला वापरून संपवणारी बाई ती. तेल नालीत ओततात हे ऐकूनच तिचा जीव वरखाली झाला. पण थंडी त्याहून मोठी होती. शेवटी तिनं हात वर केला. ती हवा जरा कमी करा, एवढं सांगायला.

आणि नेमकं त्याच वेळी पियूषनं विचारलं होतं, "तर मग प्रयोगासाठी आपला पंप कोण देणार?"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. बाकीच्या पंपवाल्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवले होते, ते आता टाळ्यांसाठी बाहेर काढले. बाईंनी शेजारच्याला विचारलं, "कायच्या टाळ्या?" त्यानं सांगितलं. तोवर गुच्छ घेऊन पियूष समोर उभा होता.

घरी आल्यावर मारोतराव म्हणाले, "अवो, पण हात कायले वर केला?"

"हवा कमी करा, हे सांगाले."

"मंग तसं सांगाचं न त्यायले!"

"एवढ्या लोकायनं टाळ्या वाजवल्या. आता वर गेलेला हात खाली कसा घेऊ?"

हात वर राहिला. पंपाच्या आवारात खड्डा खणला गेला, वेगळी टाकी पुरली गेली, तिसरी मशीन उभी राहिली आणि वर पाटी लागली: 'जैव डिझेल'. लोक विचारायला लागले, बाई, हे काय आहे? आणि इथं भागीरथाबाईंनी पहिली चूक केली. त्यांनी खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पंचक्रोशीत झालं की भागीरथाबाईच्या पंपावर बोंड्याचं तेल आलं. एक ऑटोवाला तिसऱ्या मशीनपुढे थांबला आणि ओरडला, "दोन प्लेट! तर्री मारून!"

थट्टा बाईंना सोसवली. पण मग एक शेतकरी नवाकोरा ट्रॅक्टर घेऊन आला. अजून हेडलाइटवर झेंडूची माळ होती. बाईंनी त्याला मशीन दाखवली. तो हात जोडून म्हणाला, "बाई, सगळं खरं. पण लक्ष्मी हाये हे. हिले लोकाचं उष्टं कसं पाजू?"

हा प्रश्न भागीरथाबाईंनाही पटला. त्यांनी स्वतः कधी देवापुढे उष्टं ठेवलं नव्हतं. दोन दिवस तो प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळला. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता उत्तर सापडलं, आणि त्या लाटणं हातात घेऊनच पंपावर आल्या. तो शेतकरी नेमका पुन्हा आला होता.

"ताटात पडलं की उष्टं होते. कढईतलं कधी उष्टं होते का?"

शेतकऱ्यानं विचार केला. मान हलवली. "बराबर आहे बाई. कढईतलं उष्टं नाई."

"मंग टाकू?"

"टाका न. पण आधी दुसऱ्या कोणाच्या गाडीत टाका."

असं प्रत्येकाचंच. एक माळकरी आला. गळ्यात तुळशीची माळ, मोटारसायकलच्या मागं दुधाच्या कॅना. त्याची गाडी पेट्रोलची, त्याला त्या मशीनशी काही घेणं नव्हतं. पण त्यानं विचारलंच, "त्या तेलात मच्छी तळली नसन कशावरून?" बाईंनी पियूषला फोन लावला. पियूषनं कारखान्यात विचारून दोन दिवसांनी कळवलं की त्याची वेगळी नोंद ठेवत नाहीत. माळकऱ्यानं मशीनला लांबूनच हात जोडले आणि तेव्हापासून तो पंपात शिरताना तिच्याकडून वळसा घालून जातो.

ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यानं सांगितलं, हे टाकलं की गॅरंटी संपली. डोमाजी मिस्त्री बरा माणूस, त्यानं नीट समजावून सांगितलं: "बाई, तेल चांगलं हाये. पण हे जुन्या टाकीतला सगळा गाळ सोडवते, अन् तो गाळ जाऊन फिल्टरात बसते. फिल्टर बदललं की झालं. पण तोवर लोक तुम्हाले शिव्या नाई देणार, मले देतीन."

"मंग तू टाक की तुह्या जीपगाडीत. लोक पाहतीन."

"टाकतो न. मी काय भेतो का? दोघाचौघायनं टाकू द्या, मंग मीच टाकतो."

आणि मग थंडी आली. त्या वर्षी पौषात असा गारठा पडला की तिसरी मशीन आतून गोठली. तेल तुपासारखं झालं. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, ऊब द्या. उकंडा म्हणाला, शेकोटी पेटवतो. पेट्रोलपंपावर! बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो अर्धा दिवस पाण्याच्या टाकीमागं बसून होता. मग त्यांनी घरातली जाडजूड गोधडी आणून मशीनला गुंडाळली आणि वरून सुतळी बांधली.

मारोतराव म्हणाले, "मले ताप आलता तवा ही गोधडी सापडत नव्हती."

"तुम्हाले कोणी उपटून नेऊन नव्हतं राह्यलं," बाई म्हणाल्या.

ते खरं होतं. पियूष दर महिन्याला यायचा आणि दर महिन्याला त्याचा चेहरा जास्त उतरलेला असायचा. टाकीतलं तेल जुनं होत चाललं होतं. ताजं पाठवा म्हटलं तर कंपनी म्हणे, आधी पहिलं विका. पहिलं विकायला जावं तर लोक म्हणत, ताजं असन तर पाहू. शेवटी एकदा त्यानं सांगून टाकलं, "काकू, होळीपर्यंत मीटर शून्यावरच राहिलं तर मशीन काढून न्यावी लागेल. वरचा हुकूम आहे."

खरं तर ट्रॅक्टरांची रांग होती. सगळा तालुका त्या रांगेत उभा होता. फक्त रांगेत पहिला माणूस नव्हता.

पियूषनंच हळू आवाजात वाट सुचवली. "काकू, घरी ट्रॅक्टर आहे ना? त्यात टाका. मीटर फिरलं की झालं. कोण विचारतं?"

"मी विचारते," बाई म्हणाल्या. "घरच्याची बोहनी लागत नाई."

मारोतरावांनीही संध्याकाळी तेच सांगून पाहिलं. "अवो, आपल्याच ट्रॅक्टरमंदी टाक अन् मोकळी हो."

"घरच्याची बोहनी लागत नाई म्हणलं न."

"चाला, इतक्या वर्षायनं कळलं की मी घरचा हाये."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे नागपूरचा तो हॉल होता. हात वर गेला तेव्हा सगळ्यांनी पाहिला होता. आता मशीन ट्रकवर चढली की तो खाली येतानाही सगळे पाहणार होते. त्या रोज सकाळी तिसऱ्या मशीनला कुंकू लावत. बोहनीचा नारळ ऑफिसच्या टेबलावर तयार असे. पाणी आटून तो आतून खुळखुळ वाजायला लागला की त्याची चटणी होई आणि नवा नारळ येई. मारोतराव म्हणत, "मशीन चालली नाई, पण चटणीची चंगळ हाये."

होळी आली. पियूष त्या दिवशी दुपारपर्यंत ट्रक घेऊन येणार होता. आणि सकाळी, दोन्ही रांगा सोडून, कानाला फोन लावून, एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ स्वतःच्या पायांनी, म्हणजे चाकांनी, तिसऱ्या मशीनपुढे येऊन थांबला आणि म्हणाला, टाका.

उकंडाचं इतकं सांगून होतंय तोवर डोमाजी मिस्त्री आला. गाडीखाली निजून त्यानं टाकी मोकळी करायला घेतली. आणि पाठोपाठ ट्रक आला. त्यातून दोन माणसं पहारी घेऊन उतरली आणि मागून पियूष. तो जड पावलांनी तिसऱ्या मशीनजवळ गेला, मीटर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि ओरडला, "काकू! विक्री झाली!"

त्याला इतका आनंद झाला की पहारवाल्यांपैकी एकाला त्यानं मिठीच मारली. "कोण? गिऱ्हाईक कोण?" लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला मशीनशेजारी उभं करून त्यानं फोटो काढला. त्या फोटोत माझ्या हातात अर्धा नारळ आहे आणि पायांमधून डोमाजीचे पाय दिसताहेत.

"मशीन राहिली काकू! मी आत्ताच कळवतो."

भागीरथाबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. माझ्याकडे त्या पाहत नव्हत्या. "हे नाई धराचं," त्या म्हणाल्या.

"का? मीटर फिरलंय!"

"मीटरले काय कळते? ह्या साहेबायले माहीतच नव्हतं कायचं तेल हाये ते. न समजता घेते ते गिऱ्हाईक नसते. तो अपघात असते."

मग तिथं जी सभा भरली, तशी मी नोकरीत असताना कधी पाहिली नाही. मोटारसायकलवाले पेट्रोल विसरून गोळा झाले. उकंडा म्हणाला, तेल टाकलं, पैसे आले, नारळ फुटला; बोहनी झाली. डोमाजी गाडीखालून म्हणाला, "पण तेल त मी काढून राह्यलो! म्हंजे बोहनी परत आली का नाई?" यावर सगळे घाबरले. बोहनी न होण्यापेक्षा ती परत येणं केव्हाही वाईट. मारोतराव ट्रॅक्टर घेऊन पंपावर आले होते, ते स्टिअरिंगवर बसूनच म्हणाले, "तेल गाडीतून काढलं, पंपात नाई टाकलं. म्हंजे परत नाई आलं. सांडलं म्हणा."

"सांडलं त सांडलं, पण इकलं नाई," बाई म्हणाल्या.

पियूषनं ट्रककडे पाहिलं. पहारवाल्यांनी पहारी उचलल्या. बाईंचा चेहरा त्या वेळी पाहवत नव्हता. त्या मशीनच्या आयुष्यात पहिल्यांदा एक विक्री झाली होती आणि तीच त्यांना मोजता येत नव्हती.

तेवढ्यात कुंदा पुढं झाली. "तुमची बोहनी ठरवा निवांत, पण आमचा मुहूर्त टळतोय! कोणीतरी आम्हाला ढाणकीला सोडा हो. पोरीची मावशी मी. किल्ला माझ्याजवळ आहे!"

किल्ला म्हटल्यावर लोक थोडे मागं सरकले. भागीरथाबाई लगेच म्हणाल्या, "अवो, ट्रॅक्टर घेऊन जा ह्यायले."

"टाकी खाली हाये," मारोतराव म्हणाले. "भरालेच त आलतो."

आणि मला सुचलं. मला अशा वेळी काही सुचत नाही, हे कुंदा शपथेवर सांगेल. पण त्या दिवशी सुचलं. मी पुढं होऊन म्हणालो, "मारोतराव, हा ट्रॅक्टर आज मी भाड्यानं घेतला. तेल माझ्या खिशातून. बाई, टाकी भरा. पहिल्या मशीनचं नको. तिसऱ्या मशीनचं टाका."

बाईंचा पदराशी चाललेला चाळा थांबला. "ट्रॅक्टर त घरचाच हाये," कोणीतरी मागून म्हणालं.

"बोहनीत गाडी कोणाची ते नाई पाहत," बाई म्हणाल्या, "मागते कोण ते पाहतेत." आणि मग माझ्याकडे वळून, "हेच टाकू नं साहेब?"

मी फोन बंद करून खिशात घातला. "हेच टाका."

"तळणीच्या तेलाचं हाये बरं."

"माहीत आहे."

"पाहा, हेच पायजे नं?"

"बाई, मला तिसऱ्या मशीनचंच तेल पाहिजे. समजून उमजून, डोळे उघडे ठेवून पाहिजे!"

नारळ मात्र संपला होता, तो सकाळी माझ्याच चाकाशी फुटला होता. कुंदानं पिशवीतून शाल्मलीच्या ओटीचा नारळ काढला आणि उकंडाच्या हातात दिला. तिच्या हातानं इतक्या चांगल्या कामाला नारळ याआधी गेला असेल असं मला वाटत नाही. आमच्या लग्नातला धरून. "झिरो पाहून घ्या," बाई म्हणाल्या. या वेळी साऱ्या पंपानं पाहिला. नळी लागली, आकडे फिरायला लागले, आणि पहारवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

आम्ही निघालो. मारोतराव पुढं, ट्रॉलीत पंपावरच्या खुर्चीवर कुंदा, मांडीवर किल्ला, आणि खुर्ची धरून उभा मी. ट्रॅक्टर मस्त चालला. मागं निळसर धूर आणि त्याचा वास असा की वाटेतल्या एका वस्तीवरची चार कुत्री आमच्या मागोमाग थेट ढाणकीच्या वेशीपर्यंत आली.

मांडवात मंगलाष्टकं नुकती सुरू झाली होती. ट्रॅक्टर मांडवाशेजारी थांबला आणि वाऱ्याबरोबर तो वास आत शिरला. वऱ्हाडी मंडळी सकाळपासून उपाशी. पहिल्यांदा मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक कुजबुज गेली, बोंडे तळायला घेतले. भटजी दुसऱ्या कडव्यावर होते तेव्हा अर्धा मांडव उठला. तिसऱ्या कडव्याला पंगतीच्या पट्ट्या भरल्या. आचारी गणपतीची शपथ घेऊन सांगत होता की त्यानं कढईसुद्धा चुलीवर ठेवली नाही, आणि लोक म्हणत होते, "बाप्पा, आमाले नाक हाये का नाई?" शेवटच्या 'सावधान'ला अक्षता टाकायला नवरा, नवरी, आईबाप आणि आम्ही दोघं उरलो होतो. साडूनं त्यानंतर माझ्याशी दोन तास अबोला धरला. किल्ला सुखरूप पोचला. पण नवरदेवाच्या काकांनी भुकेपोटी दक्षिणेचा बुरूज खाल्ला.

जेवणं झाल्यावर मात्र ट्रॅक्टरभोवती माणसं जमली. कोणी धुराड्याला हात लावून पाहिला, कोणी वास घेतला. "कसं ओढते हो?" सहा महिने थट्टा करणारे मारोतराव छाती पुढं काढून म्हणाले, "म्हतारा हाये ट्रॅक्टर, पण आज लग्नात आल्यासारखा आला." मग एकजण हळूच म्हणाला, "मी बी टाकून पाहीन म्हणतो. पहिला त हा साहेब झालाच हाये." रांगेला पहिला माणूस मिळाला होता. बाकीचे आता तिला सापडणार होते. सगळे नाहीत, तो माळकरी अजूनही वळसा घालूनच जातो, आणि शोरूमवाल्याची गॅरंटी आहे तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी धुळवड आटोपल्यावर मी गाडी घ्यायला पंपावर गेलो. डोमाजीनं टाकी धुऊन, प्लग साफ करून गाडी तयार ठेवली होती. ट्रक रिकामाच परत गेला होता. पोळ्यापर्यंत मशीन राहणार, असं पियूषनं लिहून दिलं होतं. तिसऱ्या मशीनपुढे एक ट्रॅक्टर उभा होता. त्याचा मालक तेल भरून घेत होता आणि कोणी ओळखीचं पाहत तर नाही ना, म्हणून दोन्हीकडे मान वळवत होता.

तेवढ्यात पहिल्या मशीनजवळ एका मोटारसायकलवाल्याचा फोन वाजला आणि त्यानं तो उचलला. भागीरथाबाईंचा आवाज साऱ्या आवारात घुमला. "ओ भाऊ! पाटी दिसते का नाई? निघा पहिले बाहेर! पेट्रोल गेलं चुलीत!" तो बिचारा गाडी ढकलतच बाहेर पळाला.

मी उभा राहिलो. काल मी याच पंपावर टाकी भरेपर्यंत फोनवर बोलत होतो आणि मला कोणी चकार शब्दानं बोललं नव्हतं. बाई माझ्या गाडीत पेट्रोल भरायला पुढं आल्या, पहिल्या मशीनचं. त्यांनी झाकण उघडलं, आणि कालच्यासारख्याच क्षणभर थबकल्या.

मी म्हणालो, "बाई, आता झालं ते झालं. पण खरं सांगा, काल माझी गाडी पेट्रोलची आहे हे तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"झाकण उघडल्याबराबर वास आलता," नळी टाकीत घालत त्या म्हणाल्या, "पण चौथ्यांदा इचारलं असतं त तुम्ही नाई म्हणाले असते!"